आधी ‘कुठे?’ विचारा: विद्यापीठाच्या कंट्रोल रूममध्ये नव्याने बसणाऱ्यांसाठी

पहिले पंधरा दिवस खुर्चीत बसू नका, चाला. पुण्यातल्या एका विद्यापीठात मी १९ वर्षं सिक्युरिटीत आहे. पहिली सात वर्षं लेडीज होस्टेलच्या गेटवर काढली, नंतरची बारा कंट्रोल रूममध्ये. नवीन मुलं-मुली येतात तेव्हा त्यांची नजर कॅमेऱ्यांच्या स्क्रीनवर जाते. त्यांना मी बाहेर पाठवते. एक राउंड दिवसा, तोच राउंड रात्री दोनला आणि एकदा तरी भर पावसात.

चालताना काय बघायचं? कुठलं गेट रात्री बंद होतं आणि त्याची चावी कोणाकडे असते. अँब्युलन्स कुठल्या रस्त्याने आत येईल आणि कुठे साखळी किंवा खाली आलेली फांदी तिला अडवेल. कुठल्या इमारतीला मागून दुसरा दरवाजा आहे. वायरलेस कुठे पकडत नाही. आमच्याकडे लायब्ररीचं तळघर आणि टेकडीमागचा रस्ता, या दोन ठिकाणी सेट मुका होतो. तिथे ड्युटी असलेल्या गार्डचा मोबाइल नंबर कंट्रोलच्या भिंतीवर लावलेला हवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावं. कॅम्पसवरच्या प्रत्येक इमारतीला निदान तीन नावं असतात. पाटीवर लिहिलेलं असतं ‘रसायनशास्त्र विस्तारित इमारत’. जुने शिपाई तिला ‘नवी लॅब’ म्हणतात, ती बांधून पंचवीस वर्षं झाली तरी. मुलं म्हणतात ‘मांजरवाडा’, कारण जिन्याखाली मांजरी असतात. घाबरलेला मुलगा फोनवर पाटीवरचं नाव सांगत नाही, तो मांजरवाडाच म्हणतो. म्हणून एक शंभरपानी वही करा आणि ही नावं लिहून काढा. दर वर्षी नवी बॅच आली की चहाच्या कट्ट्यावर उभं राहून वही तपासा, दोन-चार नावं बदललेली सापडतील.

हे मी चूक करून शिकले. कंट्रोलला माझं पहिलं वर्ष होतं. रात्री साडेअकराला फोन आला, “मॅडम, पाच नंबर होस्टेलला पडलंय कोणीतरी, खूप रक्त येतंय.” मी लगेच गाडी पाठवली आणि फोन ठेवला. आमच्याकडे पाच नंबरची दोन होस्टेलं होती, एक मुलांचं, एक मुलींचं, दोन्ही दोन टोकांना. मी मुलगी समजले, मुलगा निघाला. गाडी वळून पोहोचेपर्यंत ११ मिनिटं गेली. डोक्याला टाके पडले, पोरगा बरा झाला. पण ती ११ मिनिटं रजिस्टरला माझ्याच अक्षरात आहेत. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: कुठे, काय झालं, तुमचा नंबर, सोबत कोण आहे. ‘कुठे’ पहिलं, कारण त्यानंतर फोन कट झाला तरी माणूस पाठवता येतो. ‘काय झालं’ आधी विचारलंत आणि लाइन गेली, तर हातात काहीच राहत नाही.

‘लोकेशन सांगा’ असं म्हणू नका. घाबरलेल्या माणसाला तो शब्द पेलत नाही. “समोर काय दिसतंय? पाटी वाच. कितवा मजला?” असं विचारा. उघड्या रस्त्यावर असेल तर विजेच्या खांबावरचा नंबर वाचायला सांगा. कुठल्या रस्त्याला कुठल्या नंबरचे खांब आहेत, हे तुमच्या वहीत असलं पाहिजे. मग पत्ता तुम्ही परत म्हणून दाखवा आणि त्याच्याकडून ‘हो’ घ्या.

वायरलेसवर बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आकडे सुटे सांगा. मराठीत ‘सात’, ‘आठ’ आणि ‘साठ’ खरखरीत एकसारखे ऐकू येतात, आणि ‘एकोणसाठ’ की ‘एकोणसत्तर’ यात अनुभवी गार्डसुद्धा चुकतात. खोली ५९ असेल तर “पाच, नऊ, फाइव्ह, नाइन” म्हणा. बाहेरगावच्या मुलांशीही हेच, त्यांच्यातल्या अनेकांना ‘सदुसष्ट’ कळत नाही.

बाहेरची मदत मागवताना लक्षात ठेवा, ११२ ला केलेला फोन आपल्या चौकीत वाजत नाही. महाराष्ट्रातले हे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात आणि तिथून जवळच्या पोलिस गाडीला कळवलं जातं. पलीकडच्या माणसाने तुमचं कॅम्पस पाहिलेलं नसतं. जिल्हा, रस्ता, गेट कुठलं, सगळं सांगा. अँब्युलन्ससाठी १०८, आगीसाठी १०१. फोन झाला की लगेच त्या गेटच्या गार्डला बूम बॅरिअर वर करून ठेवायला सांगा आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर टॉर्च घेऊन माणूस उभा करा. रात्री गाडी गेटपर्यंत नीट येते आणि आत येऊन चुकते. हे काम गार्डचं आहे, पण त्याला उभं करण्याचं काम तुमचं.

गाडी येईपर्यंत फोनवर राहा. “गाडी निघाली, मी इथेच आहे” एवढं वाक्य दर मिनिटाला म्हटलं तरी समोरचा सावरतो. कोणी बेशुद्ध पडलंय आणि नीट श्वास घेत नाही असं कळलं, तर फोनवरूनच छाती दाबायला सांगा. छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. लय चुकू नये म्हणून तुम्ही फोनवर मोठ्याने आकडे मोजा. हे प्रशिक्षण प्रत्यक्ष पुतळ्यावर घ्याच. खासगी सुरक्षा एजन्सीच्या २००५ च्या कायद्याखाली गार्डला एकूण १६० तासांचं प्रशिक्षण ठरलेलं आहे, त्यात प्रथमोपचार येतो. तो तास फक्त सही करून कोणी उरकू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पावसाळ्यात सापाचे फोन येतात. झाडी आहे, उंदीर आहेत, साप असणारच. साप दिसला तर लोकांना लांब करा, नजर सापावर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ ला कळवा. काठी कोणी उचलायची नाही. चावला असेल तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला हलू न देता, धीर देत, सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) असलेल्या दवाखान्यात न्यायचं. असा दवाखाना जवळ कुठे आहे हे जूनच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. मण्यार रात्री झोपेत चावते आणि दुखत फारसं नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असा फोन खालच्या मजल्यावरून किंवा जमिनीवर झोपणाऱ्याकडून आला, तर ‘अपचन असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

आता ज्या फोनसाठी ही नोकरी मला मोलाची वाटते, त्याबद्दल. कधी कधी रात्री एखादी मुलगी किंवा मुलगा फोन करतो आणि नुसता गप्प राहतो. किंवा मैत्रीण सांगते, “ती गच्चीत गेलीय, दार लावून घेतलंय.” अशा वेळी गाडी सायरनशिवाय, दिवे न चमकवता पाठवा. दोनच माणसं वर जावीत, त्यातली एक बाई असावी. रेक्टरना त्याच मिनिटाला उठवा. आणि फोन तुमच्या कानाला असेल तर उपदेश करू नका. आईवडिलांची आठवण काढून देऊ नका, बऱ्याचदा तीच जखम असते. नाव विचारा. जेवलीस का विचारा. जीव द्यावासा वाटतोय का, हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने ती कल्पना कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मी एकदा ४० मिनिटं एका मुलीशी तिच्या गावच्या द्राक्षबागेबद्दल बोलत होते. छाटणी कधी, औषधं कुठली, यंदा गारपीट झाली का. तेवढ्यात आमची गार्ड तिच्या शेजारी जाऊन बसली होती. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. तो फोनजवळ चिकटवून ठेवा. पण ऐन वेळी फोन तिकडे देऊन मोकळं व्हायचं नाही, सोबत माणूस पोहोचेपर्यंत लाइन तुमचीच.

होस्टेलच्या मुलींची माहिती कोणालाही द्यायची नाही. “मी तिचा काका बोलतोय, रूम नंबर सांगा” असे फोन येतात, आवाज अगदी घरचा असतो. त्यांचा नंबर घ्या, रेक्टरना द्या, मुलीला वाटलं तर ती स्वतः फोन करेल. नातेवाईक चिडले तर चिडू देत.

आपण पोलिस नाही, हे गणवेश चढवताना रोज आठवा. कोणी तुमच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा करत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे कोणीही नागरिक त्याला पकडू शकतो. पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारायचं नाही, मोबाइल काढून घ्यायचा नाही, खोलीत कोंडून माफीनामा लिहून घ्यायचा नाही. मुलीची झडती पुरुष गार्डने कधीच घ्यायची नाही.

रॅगिंगची तक्रार आली तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवायला जाऊ नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमचं काम: मुलाला सुरक्षित जागी आणा, वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, वरिष्ठांना लगेच कळवा. ‘चेष्टामस्करी झाली’ असं रजिस्टरला लिहिलेलं एक वाक्य त्या पोराची पुढची सगळी तक्रार लंगडी करतं.

रजिस्टरबद्दल इतकंच: घड्याळाची वेळ घाला, ‘थोड्या वेळाने’ लिहू नका. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोहोचली, या तीन वेळा वेगवेगळ्या. खोडायचं असेल तर एक सरळ रेघ मारा आणि सही करा. पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं. ‘दारू प्यायलेला होता’ हे डॉक्टरने ठरवायचं, तुम्ही लिहायचं, ‘तोल जात होता, बोलणं अडखळत होतं’.

सकाळी चार्ज देताना घाई होते. बस पकडायची असते, घरी डबे करायचे असतात. तरी चाव्या मोजून द्या, वायरलेस सेट चार्जिंगला लागलेत का ते दाखवा, आणि रात्रीची जी गोष्ट अजून संपलेली नाही ती रिलीव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला, तोंडाने सांगा, नुसतं पान उघडून ठेवू नका. माझ्या कालच्या नाइटचं शेवटचं वाक्य होतं: ‘०४.५०, दम्याचा त्रास, तीन नंबर होस्टेलची मुलगी दवाखान्यात, सोबत रूममेट, घरच्यांना रेक्टरनी कळवलं. आठ वाजता रूममेटला फोन करून दोघींच्या परतीच्या गाडीचं विचारणे.’ आठला ड्युटीवर मी नव्हते, पण फोन झाला, आणि साडेनऊला गाडी गेली.