गावाचं कोर्ट बदललं, आता तारीख कुठे?

तालुक्याला नवीन कोर्ट मंजूर झालं की आधी सत्कार होतात. त्यानंतर महिनाभर पक्षकार जुन्या कोर्टात येऊन विचारत राहतात, "साहेब, आमची फाईल कुठंय?" माझी सगळी नोकरी दिवाणी विभागाच्या टेबलामागे झाली, म्हणून हे लिहितो.

पेपरातल्या बातमीवर जाऊ नका, अधिसूचना मिळवा. ती राजपत्रात असते, जिल्हा न्यायालयाच्या वेबसाईटवर असते, आणि वकील संघाच्या बाररूममध्ये कुणाकडे तरी हमखास असते. तिच्यात दोनच गोष्टी शोधायच्या. एक, गावांची यादी. आपलं गाव नावानिशी आहे का, ते बोट ठेवून पाहा. बुद्रुक आणि खुर्द यांत गफलत करू नका. दुसरी, प्रलंबित प्रकरणांबद्दलचं वाक्य. सगळे जुने दावे नव्या कोर्टात जाणार, की फक्त अमुक तारखेनंतर दाखल होणारे, हे त्या वाक्यावर ठरतं. साक्षीपुरावा सुरू झालेले दावे कधीकधी जुन्याच कोर्टात ठेवतात. तसं असेल तर वेगळा आदेश असतो, तोही मागून घ्या.

सातबाऱ्यावर जिल्हा बदलला म्हणून कोर्टही बदललं, असं समजू नका. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण न्यायालयीन जिल्हा त्यानंतरही काही वर्षं ठाणेच होता. महसुलाची हद्द वेगळी, कोर्टाची वेगळी. त्यातही दिवाणी आणि फौजदारी एकाच वाटेने जातील असं नाही. दिवाणी कोर्टाची हद्द १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याखाली शासन ठरवतं. फौजदारी केस चालवणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची हद्द मुख्य न्यायदंडाधिकारी आखून देतात, आणि ती बहुधा पोलीस ठाण्याप्रमाणे असते. त्यामुळे बांधाचा दावा नव्या कोर्टात आणि त्याच बांधावरच्या मारामारीची केस जुन्या कोर्टात, असं होऊ शकतं. भाऊबंदकीत दोन्ही असतातच, तेव्हा दोन्हींची चौकशी स्वतंत्र करा. आणखी एक: नवं कोर्ट दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तराचं असेल तर मोठ्या रकमेचे दावे वरिष्ठ स्तराकडेच राहतात.

आता तारीख. ई-कोर्ट्सच्या ॲपवर अक्षरं-आकडे मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका. काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, वर्ग झालेल्या, म्हणजे दुसऱ्या कोर्टात पाठवलेल्या, प्रकरणाला नवा नंबर पडलेला असू शकतो. नव्या कोर्टात पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. तरीही नाही सापडलं तर जुन्या कोर्टात जाऊन शेवटचा रोजनामा, म्हणजे त्या तारखेच्या कामाची नोंद, पाहा. फाईल कोणत्या तारखेला वर्ग झाली आणि दोन्ही बाजूंनी कुठे हजर राहायचं, हे तिथे लिहिलेलं असायला हवं. "नोटीस येईल" म्हणून घरी बसू नका. नोटीस येण्याआधी पुकारा झाला आणि कुणीच हजर नसलं, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो.

काही ठिकाणी एकच न्यायाधीश दोन गावी कोर्ट चालवतात. कुठल्या वारी कुठे बसायचं ते उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली जिल्हा न्यायाधीश ठरवतात, आणि ते दिवस हद्दीत जाहीर करावे लागतात. तो तक्ता कोर्टाच्या फलकावर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पुन्हा बघा. साहेब रजेवर असले तर तुमची एसटी फुकट गेली.

फाईल हलली म्हणून मनाई हुकूम संपत नाही. विरुद्ध बाजू मात्र गावात तसं पसरवणार, तेव्हा हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल फाईल जाण्याआधीच काढा. झालेली साक्षही वाया जात नाही. नवे न्यायाधीश तिथूनच पुढे काम चालवू शकतात. वकीलपत्र तेच चालतं, पण वकीलसाहेब नव्या गावी येणार का आणि फी काय घेणार, हे आजच विचारा.

उच्च न्यायालयातल्या अपिलांनाही हे लागू आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. सावंतवाडीच्या माणसाने आता मुंबईची गाडी पकडण्याआधी कोल्हापूरचं बोर्ड पाहावं.

नवा दावा टाकायचा असेल तर कायद्याने दिलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस धरून बसू नका, हद्द बदलण्याच्या काळात तर मुळीच नाही. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. चुकून जुन्या कोर्टात टाकलात आणि दावा परत मिळाला, तर तिथे गेलेला काळ मुदतीतून वगळता येतो. मात्र तुम्ही सद्भावनेने आणि तत्परतेने काम चालवत होता, हे दाखवावं लागतं. म्हणून दावा परत करण्याच्या हुकमाची आणि सगळ्या रोजनाम्याची नक्कल त्याच दिवशी अर्ज करून मागा.