तीन पत्तीची सवय आणि पोकरचं टेबल

पुण्यात पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसणारे बहुतेक जण दिवाळीतल्या तीन पत्तीतून नाहीतर मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून आलेले असतात. पहिल्या तासातल्या चुकाही याच दोन सवयींतून होतात.

आधी पैशाचं. बारमध्ये पैसे लावून खेळू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. अड्डा चालवणारा आणि तिथे खेळताना सापडणारा, दोघेही त्यात अडकतात. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याच कायद्यात सूट आहे. पण पोकर त्यात बसतो की नाही हा वाद कोर्टातला आहे, तो कोथरूडच्या बारमध्ये मिटणार नाही. म्हणून चिप्स फक्त हिशेबापुरत्या. एंट्री फी नको आणि ‘हरेल त्याने बिल भरायचं’ हेही नको. मॅनेजरला आदल्या दिवशी तसं सांगून मंगळवार-बुधवारचं, स्पीकरपासून लांबचं आणि डोक्यावर दिवा असलेलं टेबल मागा. शनिवारी बाणेर किंवा कोरेगाव पार्कात शेजारच्याचा ‘रेझ’ (बोली वाढवणं) ऐकू येणार नाही.

पत्ते प्लास्टिकचेच घ्या. थंड ग्लासखाली साचलेलं पाणी लागलं की कागदी पत्ता फुगतो, आणि मग तो पाठीवरूनच ओळखू येतो. पाठीचा रंग वेगळा असलेले दोन कॅट असले तर एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार राहतो. ग्लास टेबलावर नको, बाजूच्या स्टुलावर. आठ जणांना प्रत्येकी ५००० च्या चिप्स द्या: २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार, १००० च्या दोन. ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, २५-५० पासून सुरू करून दर वीस मिनिटांनी वाढवा: ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ५००-१०००, १०००-२०००. आठला बसलात तर साधारण अकरापर्यंत डाव निकाली लागतो. ब्लाइंड वाढवले नाहीत तर मध्यरात्री बार बंद करायला येतात आणि टेबलावर पाच जण तसेच उरलेले असतात.

आता शब्दांचा घोळ. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. इथे तो बटणाच्या (वाटणाऱ्याच्या जागेवरच्या गोल खुणेच्या) डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटण्याआधी लावायचा सक्तीचा डाव आहे, लहान आणि मोठा. हातांचा क्रमही बदलतो, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेले पत्ते) कलरला (एकाच चिन्हाचे पत्ते) मारतो. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. कारण सरळ गणिताचं आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पोकरच्या पाच पत्त्यांच्या हातात उलटं होतं: सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. ट्रेल (तीन सारखे पत्ते) तिकडे सर्वांत वर, इकडे मात्र कलर आणि सिक्वेन्स दोघांच्याही खाली. तीन एक्के हातात घेऊन सगळ्या चिप्स पुढे सारण्याआधी हे आठवा. एक्का-दुर्री-तिर्री तिकडे मोठा सिक्वेन्स असतो. इथे एक्क्यापासून पंजापर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यात लहान.

खेळाचा ओघ असा: प्रत्येकाला दोन पत्ते, मग बोली. मग वरचा एक पत्ता पालथा बाजूला टाकून तीन उघडे, हा फ्लॉप. परत बोली. पुन्हा एक पालथा, एक उघडा (टर्न), बोली. आणि तसंच रिव्हर, म्हणजे पाचवा उघडा पत्ता. पहिल्या फेरीत मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा आधी बोलतो, नंतरच्या फेऱ्यांत बटणाच्या डावीकडचा. अ‍ॅपमध्ये आपली पाळी आली की बटणं उजळायची. इथे उजवीकडच्याचं पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पाळी सोडून ‘फोल्ड’ (पत्ते टाकले) म्हणालात तरी मधल्या खेळाडूला फुकटची माहिती मिळते.

एकच सवय लावायची असेल तर ही: आधी बोला, मग चिप्स हलवा. बोललेलं बांधील असतं. मोठा ब्लाइंड १०० असताना न बोलता ५०० ची एकच चिप टाकली तर तो कॉल (समोरच्याइतकंच लावणं) धरतात, चारशे परत मिळतात. ‘रेझ, तीनशे’ म्हणून टाकलीत तर तो रेझ. ‘तुझे शंभर, आणि वर दोनशे’ हे चालत नाही. ‘तुझे शंभर’ म्हणताक्षणी कॉल झाला. एक मूठ पुढे ठेवून पुन्हा ढिगाकडे हात नेला तर दुसरी मूठ धरत नाहीत, कारण पहिल्या मुठीवर समोरच्याचा चेहरा वाचून मग आकडा वाढवता येतो. किमान रेझ मागच्या वाढीइतका: शंभरावर कोणी तीनशे केले तर पुढचा निदान पाचशे. चिप्स पॉटमध्ये (मधल्या ढिगात) भिरकावू नका, आपल्यासमोर रचा; मोजता आल्या पाहिजेत.

पत्ते टेबलावरच ठेवून कोपरा उचलून बघा आणि वर एक चिप ठेवा. टाकलेल्या पत्त्यांत मिसळले की हात मेला. फोल्ड केलेला पत्ता काय होता ते डाव चालू असताना सांगू नका, आणि टेबलावर हिंदी बोलणारं कोणी असेल तर हात संपेपर्यंत मराठीत कुजबुज नको.

समोरासमोर तासाला पंचवीस-तीस हातच होतात. कंटाळून प्रत्येक हात खेळावासा वाटतो. दहातले दोन-तीनच खेळा.

ऑल-इनचा, म्हणजे कोणी सगळ्या चिप्स लावल्यावरचा, हिशेब तुम्हालाच करायचा आहे. एकाचे १२००, दोघांचे ३०००-३००० असतील तर मुख्य पॉट ३६००, त्यावर तिघांचा हक्क. उरलेल्या ३६०० चा वेगळा ढीग करा, तो फक्त त्या दोघांचा. शेवटी दोन्ही पत्ते उघडे टाका. ‘माझा कलर आहे’ असं तोंडी सांगून पालथे सारलेत तर जिंकलेला पॉटही हातचा जातो.