नाव न मिळालेलं पाणमांजर : उत्पत्तीच्या कथेवर कॉमिक करताना

बायबलचं पहिलं पुस्तक म्हणजे 'उत्पत्ती'. त्याच्या दुसऱ्या अध्यायात देव सगळे प्राणी पहिल्या माणसापुढे, आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावं देतो. गुरंढोरं, आकाशातले पक्षी, रानातले पशू. वसईतल्या आमच्या घरी मी हे लहानपणापासून ऐकत आलोय. कॉमिक करायचं ठरल्यावर पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की या यादीत मासे नाहीत. मग जो प्राणी अर्धा दिवस पाण्यात आणि अर्धा काठावर असतो, त्याचं काय? नावं देणं चाललं होतं तेव्हा तो नेमका बुडी मारून बसला असेल तर? माझं ४८ पानांचं कॉमिक या एका प्रश्नातून निघालं. एक निनावी पाणमांजर स्वतःचं नाव शोधायला निघतं. पीशोन, गीहोन, हिद्दकेल, फरात असे एदेनच्या, म्हणजे आदाम राहतो त्या बागेच्या नदीला फुटलेले चारही फाटे पालथे घालतं. बागेच्या दाराशी परत येतं, तोवर दार बंद झालेलं असतं.

त्याआधीचे चार महिने मात्र माझे वाया गेले होते. तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतो. मी थेट रेखाटनांना हात घातला होता. पंखवाले योद्धे, आग ओकणारे राक्षस, सैतानाचं सैन्य, लाल सफरचंद. आत्याने वही चाळली आणि विचारलं, "यात उत्पत्ती कुठे आहे रे?" मूळ मजकूर उघडला तर सफरचंद नव्हतंच, नुसतं फळ होतं. सापाला त्या अध्यायांत कुठेही सैतान म्हटलेलं नाही. लिलिथचं पात्र मला फार हवं होतं, पण आदामाची पहिली बायको म्हणून ती येते ती कितीतरी नंतरच्या, मध्ययुगीन लिखाणात. हे वापरू नका असं मी म्हणत नाही. आपण मजकुरातलं घेतोय की मागाहून चिकटलेलं, एवढं ठाऊक असायला हवं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आणि घरातलं जुनं भाषांतर शेजारी ठेवून पहिले तीन अध्याय सावकाश वाचा. सृष्टी दोनदा सांगितली आहे हेही तेव्हाच दिसेल. पहिल्या कथेत माणूस प्राण्यांनंतर येतो, दुसरीत आधी.

सावकाश वाचल्यावर चित्रं आपोआप सुचायला लागतात. प्रकाश पहिल्या दिवशी आहे आणि सूर्य चौथ्या. म्हणजे तिसऱ्या दिवशी उगवलेल्या झाडांना प्रकाश आहे, पण तो येतो कुठून ते सांगता येत नाही. मी ती सगळी पानं सावलीशिवाय काढली. ऐकायला सोपं वाटतं, पण हात ऐकत नाही. झाडाचं खोड काढलं की डाव्या बाजूला आडव्या रेघा आपसूक पडतात. सहा पानं तीनदा काढावी लागली. चौथ्या दिवसाच्या चौकटीत मात्र गवताच्या एका पात्याला पहिली सावली दिली, आणि पान उलटताच सगळं रान सावल्यांनी भरून टाकलं.

आकाशाचंही तसंच झालं. मराठी बायबलमध्ये ज्याला अंतराळ म्हटलंय, त्याचा हिब्रू शब्द धातू ठोकून पत्रा करण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. ते वाचून मी पुण्याच्या तांबट आळीत जाऊन बसलो. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्यावर खळ्या पाडत जातात, ते मठारकाम तासभर बघितलं. माझ्या दुसऱ्या दिवसाच्या आकाशाला त्याच खळ्या आहेत.

बागेच्या दारावर पहारा देणारे करूब हे स्वर्गीय जीव. ते म्हणजे नाताळच्या कार्डावरची गुबगुबीत बाळं समजू नका. बायबलमधल्याच यहेज्केलच्या ग्रंथात त्यांना चार-चार तोंडं आहेत. प्राचीन इराकमधल्या अश्शूरी राजवाड्यांच्या दारांवरचे माणसाच्या तोंडाचे, पंखवाले बैल मला त्यांच्या जवळचे वाटले. त्यांतल्या अनेकांना पाच पाय कोरलेले असतात. समोरून बघा, बैल उभा आहे. बाजूने बघा, तो चालतोय. माझं पाणमांजर दारापासून कडेला सरकतं आणि उभा पहारेकरी चालू लागतो, तो प्रसंग मला तिथे आयता मिळाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूद या जुन्या अश्शूरी शहरातली शिल्पं आहेत. वही घेऊन जा. फोटोवरून काढताना खोली कळत नाही.

भाषेबद्दल एकच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. चारशे वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस इतका मोकळा होऊ शकला, तर आपल्या पाणमांजराने 'तू मला उत्पन्न केलेस' असं पोथीतल्यासारखं कशाला बोलावं?

श्रद्धा असलेल्या माणसांना कच्ची पानं दाखवा, छापण्याआधी. मी देव दाढीवाला म्हातारा काढला होता. आत्या म्हणाली, "हा कुणाचा तरी आजोबा वाटतो." तिचं बरोबर होतं. आता देव कुठेच दिसत नाही. त्याच्या संवादाचा फुगा आहे, पण फुग्याला बोलणाऱ्याकडे जाणारं शेपूट नाही. आवाज कुठून येतो ते कळतच नाही.

आता छपाई. शेवटच्या पानावर करूब विचारतो, "तुला काय म्हणू?" आणि पाणमांजराचा फुगा मी रिकामा ठेवलाय, वाचणाऱ्या मुलाने त्यात नाव लिहावं म्हणून. चकचकीत आर्ट पेपरवर पेन्सिल धड उमटत नाही, म्हणून मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद घेतला. पण मॅपलिथो शाई पितो. सुरुवातीच्या तीन पानांवरचा अंधार प्रुफात, म्हणजे छपाईच्या चाचणी प्रतीत, धुरकट राखाडी आला. काळ्याखाली निळ्याचा थर दिला, तेव्हा अंधार गडद झाला. पण त्यावरची पांढरी अक्षरं बिघडली. दोन रंगांचं रजिस्टर, म्हणजे एकावर एक छापांची जुळणी, केसभर हललं की वेलांट्या आणि रफार बुजतात. अक्षरं जाड केली, तरी नीट वाचता येईनात. शेवटी पुन्हा मजकूर उघडला. जलाशयावर अंधार आहे तोवर कुणीच काही बोललेलं नाही. पहिले शब्द येतात ते प्रकाशाबरोबर. त्या तीन पानांवरची सगळी अक्षरं मी काढून टाकली आणि चौथं पान पांढरं ठेवून त्यावर पहिला फुगा टाकला.