कॉर्निस लावण्याआधी

छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे कॉर्निसची पट्टी लागली की साधी खोलीसुद्धा नेटकी दिसते. पूर्वी यासाठी पीओपीचा कारागीर बोलवावा लागायचा. आता पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोलच्याच जातीच्या प्लास्टिकच्या) हलक्या, आठ फुटी तयार पट्ट्या मिळतात आणि घरातली दोन माणसं त्या लावू शकतात. मात्र पट्ट्या विकत आणण्याआधी बरंच काही बघून ठेवावं लागतं.

पहिली बघायची ती ओल. वरच्या मजल्यावरचं बाथरूम पाझरत असेल किंवा पावसाळ्यात छताच्या कडेला डाग पडत असतील, तर आधी ती गळती बंद करा. ओलीने भिंतीचे पोपडे सुटले की पट्टीही त्यांच्याबरोबर खाली येते. म्हणूनच हे काम पावसाळ्यात काढू नये. ऑक्टोबरच्या उन्हात भिंती खडखडीत वाळल्यावर, दिवाळीच्या रंगकामाच्या जोडीने काढावं. भिंतीवरून हात फिरवल्यावर पांढरं लागत असेल, तर तो थर खरवडून प्रायमर मारा. गोंद चुन्याच्या भुकटीला चिकटला, तर भिंतीला चिकटलाच नाही असं समजा.

मग कोपरे. आपल्या फ्लॅटमधले कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतीलच असं धरून चालू नका. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. हे माप छताजवळच घ्यायचं, कारण खाली सरळ दिसणारी भिंत वर कललेली असू शकते. काटकोन असेल तर दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापायच्या, ९२ अंश भरले तर ४६ मध्ये. प्रत्येक कोपऱ्यासाठी आधी वीतभर तुकडे कापून वर धरून बघा. जोड तिथे जुळला तरच लांब पट्टीला करवत लावायची. मायटर बॉक्समध्ये, म्हणजे ठरावीक कोनात कापण्यासाठी करवतीच्या खाचा असलेल्या साच्यात, पट्टी उलटी धरतात, म्हणजे छताला टेकणारी कड खाली येते. नवख्या हाताला हे उमजायला वेळ लागतो, म्हणून सरावासाठी एक पट्टी जास्तीची आणाच.

बीम असेल तर पट्टी त्याला वळसा घालून न्यायची की बीमपाशी थांबवायची, हे कागदावर ठरवा. वळसा घातला तर कोपरे वाढतात आणि तुकडेही वाया जातात. १२ बाय १० च्या खोलीचा घेर ४४ फूट. हिशेबाने साडेपाच पट्ट्या लागतात, पण जोड आणि कापातली नासाडी धरून सात घ्याव्यात. नऊ फुटी छताला तीन-चार इंची पट्टी पुरते; त्याहून रुंद पट्टीने छत खाली आल्यासारखं वाटतं. एसीचं युनिट, पडद्याचा रॉड, छतापर्यंतचं कपाट यांच्या जागा आत्ताच मोजून ठेवा. शेगडीच्या वर मात्र पॉलिस्टायरीन लावू नका, ते पेट घेतं.

गोंद घेताना विशेष जपा. सुतारकामाचा वासाचा, सॉल्व्हंटवाला गोंद पॉलिस्टायरीन विरघळवतो. थिनर घातलेला ऑइल पेंटही तेच करतो. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक गोंद आणि पाण्यातलाच रंग घ्या, आणि आधी तुकड्यावर लावून बघा. फटी भरायला अ‍ॅक्रिलिक सीलंट आणा. साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. पुट्टी आणि प्रायमर आधी उरकायचे, रंगाचा शेवटचा हात पट्टी लागल्यावर.

पट्टीची खालची कड जिथे येईल ती रेघ पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढून खोलीभर आखा. छताच्या कडेवर भिस्त ठेवू नका, स्लॅब कुठे ना कुठे झुकलेला असतोच. शिडी एक असेल तर दुसरी शेजाऱ्यांकडून मागून आणा, कारण आठ फुटी पट्टी दोन्ही टोकांनी एकदम धरावी लागते. कोणता तुकडा कुठे लागणार तेही लिहून ठेवा: दारातून शिरताच समोर दिसणाऱ्या भिंतीवर निदान मधोमध तरी जोड येऊ देऊ नका, आणि उरलेले छोटे तुकडे दाराच्या वरच्या भिंतीला वापरा.