मागून उजेड घेऊन मॅक्रो काढताय? या चुका टाळा

मागच्या उजेडात काढलेला पानाचा किंवा पाकळीचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा करून काढलेला फोटो कोणी दाखवायला आणला, की मी आधी एकच विचारतो: अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक; आकडा मोठा तितकं भोक बारीक) किती होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, एफ/२२. तेही मोठ्या खात्रीने, कारण ‘आकडा जितका मोठा तितकं जास्त फोकसमध्ये’ हे प्रत्येकाने कुठेतरी वाचलेलं असतं. पण वाचणारे अर्ध्यावर थांबतात.

एकास एक मोठेपणावर, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराइतकीच उमटते तेव्हा, एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ सारखं वागतं. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि हिरव्या उजेडाच्या एका बिंदूचा सेन्सरवर साधारण ०.०६ मिलिमीटरचा ठिपका होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे जो तपशील एका पिक्सेलात मावला असता तो दहा पिक्सेल रुंद फासला जातो. मागून उजेड असताना शिरा हाच तर फोटो असतो, आणि नेमक्या त्याच जातात.

हे मला चतुराच्या एका पंखाने शिकवलं. खिडकीच्या कट्ट्यावर तो अखंड सापडला होता, एक कोपराही दुमडलेला नव्हता. तीन सकाळी मी त्याच्यामागे होतो. ट्रायपॉड, टायमर, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून हाताने फोकस, सगळं केलं. तरी प्रत्येक फोटोवर धुकं चढल्यासारखं. शेवटी लेन्सच बिघडली असं ठरवून ती दुरुस्तीला दिली. दुरुस्तीवाल्याने आठवड्याने ‘काही दोष नाही’ म्हणून परत केली. चौथ्या सकाळी आभाळ भरून आलं होतं, उजेड पुरेना, म्हणून नाइलाजाने एफ/८ वर आलो. पंखाची जाळी खणन्‌खण उभी राहिली: प्रत्येक घर वेगळं, टोकाजवळचा गडद डाग, आणि पुढच्या कडेच्या शिरेवरचे करवतीसारखे काटे. ते काटे तिन्ही सकाळी तिथेच होते, मीच ते पुसत होतो.

तेव्हापासून मी एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे जात नाही. एक लक्षात ठेवा: निकॉनच्या मॅक्रो लेन्स जवळ गेल्यावर कॅमेऱ्यावर प्रत्यक्षातला, वाढलेला आकडा दाखवतात, कॅननच्या दाखवत नाहीत. मित्राचा आकडा बघून तोच लावू नका.

‘मग एफ/८ वर सगळं फोकसमध्ये कसं येणार?’ पान कॅमेऱ्याला समांतर ठेवून. एकास एकवर एफ/८ ला फोकसची जेमतेम एक मिलिमीटर खोली मिळते. सपाट पाकळीला ती पुरते. पण ३६ मिलिमीटर रुंद चौकटीत पान फक्त पाच अंश तिरकं असलं, तर एक कड दुसरीपेक्षा तीन मिलिमीटर मागे जाते. मी पानाच्या जागी त्याच पातळीत छोटा सपाट आरसा धरतो आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत ट्रायपॉड हलवतो. पाच मिनिटं लागतात. लोकांना ती नको असतात. ते सरळ फोकस स्टॅकिंगकडे (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याकडे) पळतात आणि तिरक्या पानाचे चाळीस फोटो जोडत बसतात. स्टॅकिंग मुरडलेल्या पाकळीसाठी राखून ठेवा.

दुसरी चूक, जी बघून मला खरोखर वाईट वाटतं: पानामागे थेट सूर्य. मधे पांढरा जळका ठिपका आणि भोवती काळोख. त्यात ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघणं डोळ्याला कायमची इजा करू शकतं, त्यामुळे हे करूच नका. ऊन आणि पान यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावा, पण पानाला चिकटवून नाही. चिकटवला की कागदाचे तंतू शिरांच्या बरोबरीने फोटोत उतरतात. मी वीतभर अंतर ठेवतो. आणि खोलीतला दिवा बंद करा. समोरून उजेड पडला की पानाचा पृष्ठभाग चमकतो आणि आतून येणारा रंग फिका पडतो. पुढचा उजेड वाढवून ‘समतोल’ साधणाऱ्यांनी मग मागून उजेड घ्यायची खटपट का केली, हे मला कळत नाही.

मागे उजळ पांढरं असलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळा फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वर घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), मग रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा; लाल पाकळीत लाल रंग सगळ्यांत आधी फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका. चौकटभर हिरवं दिसलं की कॅमेरा ते हिरवं कमी करायला बघतो.

लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं कडं, लावा.

पान खिडकीच्या काचेला चिकटवत असाल तर आधी काच दोन्ही बाजूंनी पुसा. पानावर ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, बोटाने झटकू नका. मागच्या उजेडात धुळीचा कण काळा दिसतो आणि बोटाचा तेलकट ठसाही उमटतो. बाहेर काढत असाल तर भल्या पहाटे, वारा सुटायच्या आत. तोडलेलं पान तासाभरात कडांनी वळू लागतं, म्हणून मी आधी सगळी मांडणी करतो, आरसा लावून बघतो, आणि पान सगळ्यांत शेवटी आणतो.