एका घासाचा माग: पोषणामागचे जीवरसायन आणि शरीरक्रिया कशी अभ्यासावी

पोषणाचे जीवरसायनशास्त्र शिकू पाहणारे अनेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी क्रेब चक्राचा, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीचा, तक्ता भिंतीवर चिकटवतात आणि महिनाभरात त्याच्याकडे पाहणेही सोडून देतात. मीही तेच केले होते. सायट्रेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटपर्यंतची सारी नावे पाठ होती. मात्र दुपारी खाल्लेल्या भाकरीचे रात्रीपर्यंत काय होते, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. म्हणून सुरुवात आपल्या ताटापासून करावी. ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा आणि वाटीभर दही यांतला एक घास निवडावा आणि तो तोंडातून पेशीपर्यंत कोणत्या वाटेने जातो, याचा माग काढावा. आधी शरीरक्रिया आणि मग रासायनिक अभिक्रिया, हा क्रम मोडू नये.

पहिला प्रयोग स्वयंपाकघरात होतो. भाताची पातळ पेज दोन वाट्यांत घ्यावी, एकीत थोडी लाळ मिसळावी आणि दोन्ही वाट्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटे ठेवाव्यात. नंतर प्रत्येकीत जखमेवर लावायच्या आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. साधी पेज निळीकाळी होते, तर लाळेच्या वाटीतला रंग फिका राहतो, कारण लाळेतील अमायलेज या विकराने (एन्झाइमने) पिष्ट तोडलेले असते. (दोन्ही वाट्यांतली पेज अर्थातच टाकून द्यावी.) हेच विकर जठरातील आम्लात निकामी होते, मग उरलेल्या पिष्टाचे काय होते, हा प्रश्न येथे वहीत लिहून ठेवावा, त्याचे उत्तर शोधताना स्वादुपिंड आणि लहान आतड्याचे अस्तर यांचे काम आपोआप अभ्यासले जाते. पुढे दोन वाटा दोन रंगांनी काढाव्यात. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले लहान आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारख्या रसांकुरांतून रक्तात उतरून थेट यकृताकडे जातात; तेलातुपातील बहुतेक मेदाम्ले मात्र लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि डाव्या खांद्याजवळ मोठ्या शिरेत रक्ताला मिळतात, म्हणजे यकृत त्यांना पहिल्या फेरीत भेटतच नाही.

रसायनाकडे वळताना वहीची समोरासमोरची दोन पाने घ्यावीत, एकावर ‘जेवणानंतर’ आणि दुसऱ्यावर ‘उपाशीपोटी’ असे शीर्षक द्यावे. पहिल्या पानावर साखर साठवायला लावणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाचे राज्य असते, दुसऱ्यावर साठा मोकळा करणाऱ्या ग्लुकॅगॉनचे. येथे एकादशीचे उदाहरण घेण्याचा मोह होतो, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने त्याची खिचडी खाऊन केलेली एकादशी जीवरसायनाच्या हिशेबात पहिल्याच पानावर जाते. खरोखर निराहार राहिल्यास यकृतातील सुमारे शंभर ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, साधारण एका दिवसात संपत येते. त्यानंतर यकृत अमिनो आम्ले, लॅक्टेट आणि ग्लिसरॉल यांपासून ग्लुकोज घडवते आणि मेदाम्लांपासून कीटोन तयार करते. मेदाम्लांपासून ग्लुकोज का घडवता येत नाही, यावर एक संपूर्ण संध्याकाळ खर्च करावी. मेदाम्ले तुटून अ‍ॅसिटिल को-ए बनते, आणि ग्लुकोज तुटून बनलेल्या पायरुव्हेटचे अ‍ॅसिटिल को-ए होणे ही परत न फिरणारी पायरी आहे, हे एकदा नीट कळले की चयापचयाचा अर्धा नकाशा हाती येतो.

दुसरे उदाहरण कोल्हापूरकरांना शिकवावे लागत नाही. खासबाग मैदानात खडाखडी संपून मल्ल एकमेकांना भिडले की पहिल्या काही सेकंदांचा जोर क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूंतील झटपट ऊर्जेच्या साठ्यावर चालतो. झटापट लांबली की स्नायू स्वतःच्या ग्लायकोजेनमधून ऑक्सिजनविना ऊर्जा काढू लागतात आणि लॅक्टेट रक्तात सोडतात. यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करून परत पाठवते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी यांच्या नावाने ओळखले जाते आणि ग्लायकोजेनवरील कामासाठी या दांपत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्नायूंतील ग्लायकोजेन यकृतातल्यापेक्षा कितीतरी जास्त असूनही ते रक्तातील साखर का वाढवू शकत नाही, हे शोधावे; उत्तर एका अनुपस्थित विकरात आहे.

प्रथिनांसाठी पुन्हा ताटाकडे यावे. ज्वारीत लायसिन कमी असते आणि हरभऱ्याच्या डाळीत ते भरपूर असते. डाळीत मिथिओनिन तोकडे पडते, त्याची उणीव धान्य भरून काढते. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन ज्याचे पोट फुगते, त्याला दही मात्र सोसते, या अनुभवामागे दुधातील साखर तोडणारे लॅक्टेज हे विकर आणि विरजणातील जिवाणू आहेत. आकडेमोडीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रकाशित केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते वापरावेत, कारण परदेशी तक्त्यांत आपली ज्वारी आणि नाचणी नीट सापडत नाहीत.

संज्ञांच्या बाबतीत हट्ट धरू नये. विकर, संप्रेरक, तंतुकणिका हे शालेय पुस्तकांतील शब्द समजण्यासाठी उत्तम आहेत, तरी पुढचे वाचन इंग्रजीत असल्याने एन्झाइम, हॉर्मोन, मायटोकॉन्ड्रिया हे शब्दही शेजारी लिहून ठेवावेत. प्रत्येक अभिक्रियेपुढे ती कोणत्या अवयवात, पेशीच्या कोणत्या भागात आणि कोणाच्या हुकमाने चालते, एवढे तीन तपशील नोंदवावेत. आठवड्यातून एकदा रंकाळ्यावर फेरी मारताना सोबत्याला, वही न उघडता, दोन्ही पाने तोंडी समजावून सांगावीत. जेथे जीभ अडखळते, तेथून पुढच्या आठवड्याचा अभ्यास सुरू करावा.

जीवनसत्त्वांची यादी मात्र वेगळी पाठ करू नये. नकाशा तयार झाल्यावर ती त्यांच्या कामाच्या जागी बसवावीत: थायमिन पायरुव्हेटच्या त्या परत न फिरणाऱ्या पायरीवर, नायसिन एनएडी या हायड्रोजन वाहून नेणाऱ्या सहविकराच्या रूपाने, हायड्रोजन काढून घेणाऱ्या बहुतेक पायऱ्यांवर, आणि पँटोथेनिक आम्ल को-एच्या पोटात.