गिरणी कामगार आणि समाजसुधारणा: दोन वेगळ्या वह्या करू नका

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी किंवा एम.ए.साठी आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास हाती घेणारे बरेच जण एका वहीत ‘समाजसुधारक’ आणि दुसरीत ‘कामगार चळवळ’ लिहितात. घोळ इथूनच सुरू होतो. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. दोन वह्यांत ते अर्धे-अर्धे येतात आणि उत्तरात पुरते कुठेच उतरत नाहीत.

सुरुवात नावांपासून नको, कायद्यांपासून करा. मोठ्या रजिस्टरवर पाच रकाने आखा: कोणत्या कारखान्याला लागू, कोणाला संरक्षण, किती तास, कोणी मागितला, कोणी विरोध केला. १८८१ चा फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी, सात ते बारा वयाच्यांना नऊ तास. प्रौढांचे तास मात्र मोकळेच. १८९१ मध्ये मर्यादा पन्नास कामगारांवर आली, किमान वय नऊ झाले, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना सात तास, स्त्रियांना अकरा तास आणि आठवड्याची सुट्टी. कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडले. हे तक्त्यात एकदा दिसले की १८८१ ला ‘कामगारांचा विजय’ म्हणण्याची चूक होत नाही.

शेवटच्या दोन रकान्यांत खरे शिक्षण आहे. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांना जाचत होती, म्हणून निर्बंधांसाठी त्यांनी जोर लावला. इथल्या बऱ्याच राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी देशी गिरण्यांचे नुकसान होईल म्हणून विरोध केला. लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि अपघातात मदत, अशा मागण्या होत्या. एकाच प्रश्नाला तीन हितसंबंध भिडलेले आहेत, आणि उत्तरात तिन्ही मांडावेत. आणखी एक: १८९० मध्ये रविवारच्या सुट्टीला गिरणीमालकांच्या संघाने मान्यता दिली, कायदा त्यानंतरचा. या दोन गोष्टींची सरमिसळ जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या वहीत सापडते. असोसिएशनलाही आजच्या अर्थाने युनियन म्हणू नका. तिला नोंदलेले सभासद, वर्गणी, नियमावली असे काही नव्हते. किमान सात सभासदांची नोंदणी हा प्रकार १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचा.

जातीचा प्रश्न कारखान्याच्या दाराबाहेर राहिला, असे समजू नका. विणकाम खात्यात कांडी (सुताची गुंडाळी) संपली की धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. उष्ट्या सुताचा विटाळ नको म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात, म्हणजे चांगल्या पगाराच्या कामावर, घेतच नसत. डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी मांडला. ही एक ओळ पानभर सर्वसाधारण विवेचनापेक्षा जास्त सांगते.

आपल्या जिल्ह्यातल्या तारखा याच धाग्यात ओवा. २ मार्च १९३० काळाराम मंदिर सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ येवल्याची धर्मांतराची घोषणा, १९३६ मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांची परिषद. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. बहुतेक नोट्स काळारामवर थांबतात. मनमाडचे भाषण मुळातून वाचा, आणि मगच १९३० च्या सत्याग्रहावरचे आपले उत्तर पुन्हा लिहायला घ्या.